घरात राऊटर एकच, बाकी सगळे स्विच

फायबर घरात येतो तो हॉलमधल्या टीव्हीमागे, आणि नेट सगळ्यात जास्त लागतं ते वरच्या मजल्यावर, जिन्यापलीकडच्या ऑफिसच्या खोलीत. नाशिकमधल्या या रो-हाऊसची अडचण एवढीच होती. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि एक बेडरूम, वर दोन बेडरूम आणि ऑफिस, त्यावर गच्ची. घराचं काम काढलेलं असल्यामुळे भिंतींना झिऱ्या मारून झाल्या होत्या आणि प्लास्टर व्हायचं होतं. लॅनची केबल टाकायची तर याच वेळी. घरमालक काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "वर अजून एक राऊटर लावून टाकूया की तो स्विच का काय म्हणतात तो घ्यायचा?"

प्रश्न असा मांडला की दोन्ही एकाच कामाच्या वस्तू वाटतात आणि मग दुकानदार जे पुढे करेल ते घरी येतं. आम्ही आधी दोन गोष्टी मोजतो. नेटची कनेक्शनं किती, आणि वायरने जोडायची यंत्रं किती. पहिल्या आकड्यावर राऊटर ठरतो, दुसऱ्यावर स्विच. कनेक्शन एक असेल तर राऊटर एक. त्याच्या पुढे कितीही खोल्या वाढल्या तरी वाढतो तो स्विच.

नेट कंपनी एका घरगुती कनेक्शनला आयपीव्ही४चा, म्हणजे चार आकड्यांच्या नेहमीच्या पद्धतीचा, बाहेरचा एकच पत्ता देते. घरातली दहा-पंधरा यंत्रं त्या एका पत्त्यामागे चालवायची, प्रत्येकाला आतला वेगळा पत्ता वाटायचा आणि बाहेरून न मागता आलेलं काही आत सोडायचं नाही, ही राऊटरची कामं. आतले पत्ते बहुतेक घरांत १९२.१६८ने सुरू होतात. आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमांच्या १९९६च्या दस्तऐवजात खासगी वापरासाठी ज्या तीन पट्ट्या राखून ठेवल्या त्यातली ही एक, म्हणून तोच १९२.१६८.१.१ शेजाऱ्याच्या घरातही सापडतो आणि कुणाचं काही अडत नाही. स्विच यातलं काहीच करत नाही. कुठल्या पोर्टवर कुठलं यंत्र बसलंय हे तो यंत्राच्या ४८ बिटांच्या मॅक पत्त्यावरून, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या ओळख-आकड्यावरून शिकतो, त्याचा तक्ता ठेवतो आणि ज्याचं डेटाचं पाकीट त्याच्याच पोर्टला देतो. पत्ता वाटणं नाही, पासवर्ड नाही, साध्या स्विचला सेटिंगचं पानसुद्धा नाही. राऊटरच्या पाठीला जे चार लॅन पोर्ट दिसतात तोही आत बसवलेला एक छोटा स्विचच. त्यामुळे चार यंत्रांपर्यंत वेगळा स्विच लागतच नाही, हे आधी बघावं.

इथे मात्र चारावर भागणार नव्हतं. हॉलचा टीव्ही, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, खालची बेडरूम, ऑफिसात दोन, वरच्या बेडरूममध्ये एकेक, आणि जिन्याच्या वरच्या टोकाला वायफायसाठी एक. झाले आठ. आठ यंत्रं म्हणून आठ पोर्टचा स्विच आणला की पहिल्याच दिवशी एक पोर्ट कमी पडतो, कारण राऊटरकडून येणारी केबलही एक पोर्ट खाते. आठ पोर्टचा स्विच म्हणजे प्रत्यक्षात सात यंत्रांचा, पाच पोर्टचा म्हणजे चारांचा. दुकानात उभं राहिल्यावर हे बरोब्बर विसरलं जातं.

मग नेट कंपनीच्या डब्याकडे नीट बघितलं. त्याला लोक राऊटर म्हणतात, कंपनीवाले ओएनटी म्हणतात. त्यात फायबरचा प्रकाश वीजसंकेतात बदलणारा भाग, राऊटर, चार पोर्टचा स्विच आणि वायफाय असं सगळं एकाच डब्यात असतं. चारही पोर्ट सारखे असतील असं धरू नये. या डब्याच्या सेटिंगच्या पानावर पहिला पोर्ट गिगाबिटचा, म्हणजे १००० एमबीपीएसचा, आणि बाकीचे तीन १०० एमबीपीएसचे दिसले. काही डब्यांवर हे पोर्टाशेजारी छापलेलं असतं, काहींवर नाही. प्लॅन ३०० एमबीपीएसचा, म्हणजे स्विच चुकून दुसऱ्या पोर्टला लावला असता तर अख्खा वरचा मजला १००च्या आत अडकला असता, आणि दोष स्विचवर गेला असता.

यावरून वाटणी आपोआप ठरली. गिगाबिटच्या पोर्टला स्विच. १००च्या पोर्टांना हॉलचा टीव्ही आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर. टीव्हीला फोर-के चित्रासाठी २५ एमबीपीएस पुरतात, आणि गंमत म्हणजे बाजारातल्या बऱ्याच महागड्या टीव्हींचा लॅन पोर्टसुद्धा १००चाच असतो, त्याला गिगाबिट देऊन काही मिळत नाही. रेकॉर्डरला कॅमेरे त्याच्या स्वतःच्या पोर्टांवरून जोडलेले, त्यामुळे त्याच्याकडून घराच्या नेटवर्कवर येतं ते फक्त मोबाइलवर बघताना लागणारं चित्र. उरलेली सहा यंत्रं आणि राऊटरची केबल मिळून सात, आठ पोर्टच्या स्विचमध्ये एक पोर्ट शिल्लक. रेकॉर्डर आणि स्विच दोन्ही जिन्याखालच्या कपाटात बसवायचे, म्हणून हॉलमधून त्या कपाटापर्यंत दोन केबली ओढल्या, एक स्विचची, एक रेकॉर्डरची. या दोन केबलींची गोष्ट पुढे येते.

स्विच घेताना खोक्यावर १०/१००/१००० हा आकडा बघायचा. नुसतं १०/१०० लिहिलेले स्विच अजूनही विकले जातात, रंगरूप तेच, किंमत कमी. "स्विचिंग कपॅसिटी १६ जीबीपीएस" हे मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं त्याला भुलायचं कारण नाही. आठ पोर्ट, प्रत्येकी एक गिगाबिट, येणं आणि जाणं दोन्ही मिळून सोळा. आठ पोर्टच्या कुठल्याही गिगाबिट स्विचला हा आकडा येतोच. पाच पोर्टचा असेल तर १० दिसेल. आम्ही पत्र्याच्या अंगाचा, पंख्याशिवायचा, साधा अनमॅनेज्ड घेतला. पत्र्याचा अशासाठी की कपाट बंद असतं आणि मे महिन्यात प्लॅस्टिकच्या डब्यापेक्षा पत्रा उष्णता लवकर बाहेर टाकतो.

मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणारा स्विच घ्यायचा का, हा प्रश्न हल्ली हमखास येतो. त्यात व्हीलॅन करून कॅमेरे, पाहुणे आणि घरची यंत्रं एकमेकांपासून वेगळी ठेवता येतात. पण त्या वेगळ्या गटांना नेट द्यायचं तर राऊटरलाही व्हीलॅन कळावं लागतं, आणि कंपनीच्या डब्यात ती सोय बहुधा मालकाच्या हातात नसते. खाली भाडेकरू असतील किंवा घरातून दवाखाना, सीएचं ऑफिस चालत असेल तर स्वतःचा चांगला राऊटर आणि मॅनेज्ड स्विच अशी जोडीच घ्यावी. नुसता स्विच आणून उपयोग नाही. २.५ गिगाबिटचे स्विच आता सहज मिळतात, पण प्लॅन एक गिगाबिटच्या आत असेल आणि घरात मोठा डेटा साठवणारा नॅस नसेल तर तो खर्च सध्या थांबवता येतो. केबल भिंतीत गेली की बदलत नाही, स्विच दहा मिनिटांत बदलतो.

म्हणून केबलीवर वेळ घालवला. ३०५ मीटरचं कॅट-६चं अख्खं खोकं आणलं. आठ पॉइंटांना सरासरी पंधरा मीटर धरले तरी निम्मीही लागत नाही, पण मीटरवर सुटी घेतलेली केबल शुद्ध तांब्याची आहे की नाही हे कळायला मार्ग नसतो. स्वस्त केबलीत अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. ओळखायला सोपं: ब्लेडने तार खरवडायची. आतून पांढरी चमक दिसली तर परत करायची. ती तार पंचिंग करताना, म्हणजे सॉकेटच्या पात्यांत दाबून बसवताना तुटते, पोर्टमधून वीज द्यायची असेल तर तापते, आणि लांब अंतरावर गिगाबिट धरत नाही. कॅट-५ई आणि कॅट-६ दोन्ही १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट नेतात. कॅट-६ साधारण ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिटही नेते. घरात एवढं अंतर होतच नाही, आणि भिंत एकदाच बुजते, म्हणून कॅट-६. चपटी केबल भिंतीत गाडू नये. ती टेबलामागे ठीक.

वायरमनशी खरी घासाघीस झाली ती केबलीच्या वाटेवरून. लाइटच्या कामात एका बोर्डातून दुसऱ्या बोर्डात लूप मारायची पद्धत. तो म्हणाला, "भाऊ, ऑफिसमधनं बेडरूमला लूप मारून देतो ना, पाइप वाचेल." लॅनला हे चालत नाही. प्रत्येक पॉइंटपासून कपाटापर्यंत स्वतंत्र, सलग केबल पाहिजे, मध्ये कुठे जोड नको. एक केबल फोडून दोन सॉकेट केले तर दोन्ही जेमतेम १००वर चालतात किंवा चालतच नाहीत. पाइप २५ मिलिमीटरचा घेतला, एका पाइपात चारपेक्षा जास्त केबली नाहीत. कोपऱ्यावर एल्बो न टाकता लांब बेंड. केबलीची जाडी साधारण सहा मिलिमीटर, आणि वळण तिच्या चौपट त्रिज्येपेक्षा आवळ नसावं. विजेचा पाइप वेगळा आणि वीतभर लांब, एकमेकांना ओलांडायचंच असेल तर काटकोनात. केबल ओढताना जोर मोजका, साधारण ११ किलोंपेक्षा जास्त ओढ बसली तर आतल्या जोड्यांचे पीळ सुटतात. वायर अडकली की दोघांनी मिळून हिसका देणं ही साइटवरची सवय इथे महागात पडते. भिंतीच्या डबीत वीतभर आणि कपाटात मीटरभर केबल जास्तीची सोडली, आणि ओढायच्या आधीच दोन्ही टोकांना मार्करने आकडा टाकला. ओढून झाल्यावर टाकू म्हटलं की ते राहतंच.

भिंतीच्या टोकाला आरजे-४५चा सॉकेट पंचिंग टूलने बसवला आणि सॉकेटपासून यंत्रापर्यंत तयार पॅच कॉर्ड. भिंतीतली केबल एकसंध तारेची असते, ती वारंवार वाकवायला नाही, तिच्या टोकाला थेट जॅक मारून संगणकाला लावली की काही महिन्यांत तार आतून तुटते. रंगांचा क्रम टी-५६८-बी: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. हिरव्या जोडीच्या मध्ये निळी जोडी येते ते बऱ्याच जणांना खटकतं आणि ते एका ओळीत नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी अशा जोड्या लावतात. दोन्ही टोकांना सारखंच लावलेलं असल्यामुळे स्वस्त टेस्टरवर आठही दिवे क्रमाने पेटतात, पण तिसरी आणि सहावी तार आता एकमेकींशी पिळलेली राहत नाही, संकेत शेजारच्या जोडीत सांडतो, आणि नेट तुटक चालतं. टेस्टर तार सलग आहे एवढंच सांगतो, जोडी बरोबर आहे की नाही ते त्याला कळत नाही. पंच करताना पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडायचा नाही, हा दुसरा नियम.

ऑफिसच्या दुसऱ्या सॉकेटला लॅपटॉप लावला तर वेगाची चाचणी ९४वर जाऊन थांबत होती. तीनदा केली तरी ९४, फार तर ९५. हा आकडा दिसला की नेट कंपनीला फोन करू नये. १०० एमबीपीएसच्या जोडणीतून सगळा वरखर्च वजा जाता हातात येतं ते एवढंच, म्हणजे प्लॅन कितीचाही असो, वाटेत कुठेतरी जोडणी १००वर पडलीय. विंडोजमध्ये इथरनेटच्या सेटिंगमध्ये लिंक स्पीड दिसतो, तिथे १००/१०० लिहिलेलं होतं, शेजारच्या सॉकेटला १०००/१०००. म्हणजे स्विच नाही, लॅपटॉप नाही, हीच केबल. टेस्टर लावला तर सातवा दिवा पेटेना. सॉकेट उघडला तर पांढरी-तपकिरी तार पात्याच्या वरच बसलेली, आवरण कापलंच गेलं नव्हतं. टूलने परत एकदा खट् केलं आणि लिंक १०००वर आली. कारण सरळ आहे. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या लागतात, १, २, ३ आणि ६ या तारा. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. तपकिरी किंवा निळ्या जोडीतली एक तार गेली तर नेट बंद पडत नाही, गुपचूप दहापट मंद होतं, आणि म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. प्रत्येक सॉकेटला प्लास्टरनंतर पुन्हा लिंक स्पीड बघून घेतला. स्विचच्या दिव्यांवरूनही हे कळतं, पण कुठला रंग कशाचा हे प्रत्येक बनावटीत वेगळं असतं, अंगावर छापलेलं वाचावं.

आता काकांचा मूळ प्रश्न. त्यांच्याकडे जुना, दोन्ही बँडचा, गिगाबिट पोर्टांचा राऊटर पडून होता. तो वापरला, पण राऊटर म्हणून नाही. जिन्याच्या वरच्या टोकाला त्याचं काम फक्त वायफाय देण्याचं, म्हणजे ॲक्सेस पॉइंटचं.

बहुतेक घरांत दुसरा राऊटर येतो तेव्हा केबल त्याच्या वॅनच्या, म्हणजे बाहेरून येणाऱ्या नेटच्या पोर्टमध्ये खोचली जाते, कारण तो वेगळ्या रंगाचा असतो आणि सूचनापत्रात तसं चित्र असतं. नेट चालू होतं, सगळे खूश. मग हॉलमधला प्रिंटर वरच्या लॅपटॉपला दिसत नाही, वरच्या मोबाइलवरून खालच्या टीव्हीवर फोटो टाकता येत नाहीत, पोरांच्या गेममध्ये जोडणी जुळत नाही. कारण वरचा राऊटर आपल्या मागे वेगळं घर मांडून बसतो, पत्त्यांचं भाषांतर दोनदा होतं. बऱ्याच कंपन्या आता ग्राहकाला खरा सार्वजनिक पत्ताही देत नाहीत. ओएनटीच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात दिसला तर कंपनीकडेही एक भाषांतर चालू आहे, आणि घरातलं धरून ती तीन होतात. वरचा आणि खालचा राऊटर दोन्ही १९२.१६८.१ वापरत असतील तर काही राऊटर स्वतःच आपला पट्टा बदलून घेतात, बाकीच्यांवर नेट येतच नाही. कुठे काय झालंय ते बघायला विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ट्रेसर्ट (tracert) ८.८.८.८ ही आज्ञा पुरते. पहिल्या दोन ओळी दोन्ही १९२.१६८च्या आल्या तर घरात दोन राऊटर राज्य करतायत.

जुना राऊटर ॲक्सेस पॉइंट करताना क्रम महत्त्वाचा. आधी तो घराच्या नेटवर्कला न जोडता एका लॅपटॉपला लावायचा. सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तोच निवडायचा, काम संपलं. इथे नव्हता. मग त्याचा लॅनचा पत्ता १९२.१६८.१.२ केला, म्हणजे ओएनटीच्या १९२.१६८.१.१शी टक्कर नाही. ओएनटी जे पत्ते आपणहून वाटतो त्यांची यादी आम्ही १०पासून पुढे सुरू केली, नाहीतर कधीतरी तो हाच २ एखाद्या मोबाइलला देऊन बसेल. पत्ता बदलल्यावर पान नव्या पत्त्यावर उघडायचं आणि डीएचसीपी, म्हणजे आपणहून पत्ते वाटायची सोय, बंद करायची. वायफायचं नाव आणि पासवर्ड खालच्यासारखंच ठेवलं, सुरक्षेचा प्रकारही तोच, फक्त चॅनल वेगळा: २.४ गिगाहर्ट्झवर खाली १ आणि वर ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ. एवढं झाल्यावर स्विचकडून आलेली केबल त्याच्या लॅनच्या पोर्टला, वॅनच्या पोर्टवर इन्सुलेशन टेप. टेप नसेल तर पुढच्या साफसफाईत कुणीतरी केबल त्यातच खोचतं.

डीएचसीपी बंद करायचं राहिलं तर होणारा त्रास ओळखायला अवघड असतो. घरात पत्ते वाटणारे दोघं होतात, आणि कुणाचं उत्तर आधी पोचेल त्यावर मोबाइलला पत्ता मिळतो. ज्याला जुन्या राऊटरकडून मिळाला त्याचं वायफाय भरलेलं दिसतं पण नेट नाही, कारण त्याने बाहेरचा दरवाजा म्हणून १९२.१६८.१.२ धरलेला असतो आणि तिथून बाहेर वाट नाही. आईचा फोन चालतो, बाबांचा नाही, बंद करून चालू केला की उलट. आयपीकॉन्फिग (ipconfig) आज्ञेत डिफॉल्ट गेटवे काय दिसतो ते बघावं. तो १९२.१६८.१.१ सोडून दुसरा काही असेल तर चोर सापडला.

याच्या उलट दुखणं म्हणजे स्विच राऊटरच्या आधी लावणं. जिथे केबलवाला गच्चीवरून थेट लॅनची केबल सोडतो, किंवा ओएनटी ब्रिज मोडमध्ये, म्हणजे त्यातला राऊटर बंद ठेवून, स्वतःचा राऊटर वापरतात, तिथे हे दिसतं. लाइन आत आली तिथेच स्विच बसवून त्यातून एक केबल राऊटरला आणि बाकीच्या खोल्यांना. राऊटर पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड टाकून जोडणी घेतो, त्याचं नेट चालतं. खोल्यांतली यंत्रं मात्र राऊटरच्या मागे नसून शेजारी बसलेली, त्यांना पत्ता द्यायला कुणी नाही, ती स्वतःच १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसतात. एखाद्याला चुकून कंपनीकडून पत्ता मिळालाच तर ते यंत्र राऊटरच्या आडोशाशिवाय उघडं पडतं. क्रम ठरलेला: लाइन, राऊटर, मग स्विच. स्विचपुढे आणखी एक स्विच चालतो, टीव्हीच्या युनिटमध्ये सेट-टॉप बॉक्स, गेमचं यंत्र आणि टीव्ही तिन्हींसाठी पाच पोर्टचा छोटा स्विच लावायला काही हरकत नाही.

स्विच जोडल्यावर राऊटरवर ताण येईल, अशी काकांना शंका होती. सहा यंत्रांची बाहेरची वाट एका गिगाबिटच्या केबलीतून जाते हे खरं, पण प्लॅनच ३००चा. आणि ऑफिसमधल्या एका संगणकावरून दुसऱ्यावर फाइल टाकली तर ती राऊटरपर्यंत जातच नाही, स्विचमधूनच वळते. सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास वेग मिळतो आणि त्याच वेळी हॉलमधला टीव्ही अडखळत नाही.

हॉल आणि कपाटाच्या मधल्या त्या दोन केबली. एक स्विचमध्ये, दुसरी रेकॉर्डरमध्ये. रंगकामाच्या वेळी रेकॉर्डर काढून ठेवला होता, त्याची केबल लोंबकळत होती, आणि कुणीतरी नीटनेटकं दिसावं म्हणून ती स्विचच्या मोकळ्या पोर्टमध्ये खोचली. घरातलं सगळं नेट क्षणात बंद, वायफायसकट. स्विचचे सगळे दिवे एकाच लयीत वेड्यासारखे लुकलुकत होते, आणि हीच खूण. ओएनटी आणि स्विच यांच्यात दोन वाटा झाल्या की सगळ्यांसाठी सोडलेलं एक पाकीट त्या फेऱ्यात फिरत राहतं, प्रत्येक फेरीत त्याच्या प्रती निघतात, आणि साध्या स्विचला हे थांबवायची अक्कल नसते. बंद-चालू करून फरक पडत नाही, वेटोळं तोडावं लागतं. अशा वेळी एकेक केबल काढत जायचं. जिच्यानंतर दिवे शांत होतात ती गुन्हेगार. आम्ही रेकॉर्डरच्या केबलीला लाल पट्टी लावली आणि मोकळ्या पोर्टमध्ये प्लॅस्टिकचं बूच घातलं. पाळणाघर, क्लासेस, ऑफिस अशा ठिकाणी जिथे टेबलाखाली सुट्या कॉर्ड पडलेल्या असतात तिथे लूप ओळखणारा स्विच घेणं शहाणपणाचं.

ॲक्सेस पॉइंट छताला लावायचा असता आणि जवळ प्लग नसता तर केबलीतूनच वीज द्यावी लागली असती. त्याच्यासाठी पीओई स्विच किंवा एका यंत्रापुरता इंजेक्टर. पीओईचे प्रकार दोन नेहमीचे: ८०२.३-एएफ म्हणजे पोर्टला १५.४ वॉट, एटी म्हणजे ३०. यंत्राला कुठलं लागतं ते आधी बघावं, आणि पीओई स्विचच्या खोक्यावर सगळ्या पोर्टांची मिळून एकूण वॉट मर्यादा वाचावी, कारण प्रत्येक पोर्टला ३० असे ते सगळ्यांना एकदम देत नाहीत. २४ व्होल्टचे पॅसिव्ह इंजेक्टर समोर कोण आहे ते न विचारता वीज सोडतात, त्यात चुकून लॅपटॉप लावू नये. गच्चीवरच्या कॅमेऱ्यांच्या केबली पाइपातून आणि पॅरापेटच्या खाली ठेवल्या, वळवाच्या पावसात गच्चीवरून आलेल्या केबलीच बहुधा पोर्ट जाळतात. शेजारच्या इमारतीत लाइन न्यायची वेळ आली तर तांब्याऐवजी फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर.

राहिली वीज. राऊटरसाठी मिनी यूपीएस घरोघरी असतो, पण स्विच आला की तो विसरला जातो. लाइट गेली की ओएनटी चालू, वायफाय खाली मिळतं आणि वरचा मजला मात्र गार, कारण जिन्याखालचा स्विच आणि वरचा ॲक्सेस पॉइंट दोन्ही बंद पडलेले. तिघांनाही बॅकअप पाहिजे. घरात इन्व्हर्टर असेल तर कपाटातला आणि जिन्यावरचा प्लग त्याच्या लाइनवर घ्यायला वायरमनला आधीच सांगावं, प्लास्टरनंतर ते होत नाही. डीसीचा मिनी यूपीएस वापरायचा तर व्होल्ट जुळवून. ओएनटी बहुधा १२ व्होल्टचा, छोटे स्विच बरेचदा ५ किंवा ९चे, आणि पिन सगळ्यांची एकमेकांत बसते. ५ व्होल्टच्या स्विचला १२ लावले की वास येतो आणि काम संपतं. म्हणून प्रत्येक अ‍ॅडॉप्टरच्या पिनेजवळ कागदी पट्टीवर यंत्राचं नाव आणि व्होल्ट लिहून सेलोटेप मारली.